लिस्बनचे तीन दिवस : चढ वाहनाने, उतार पायी

लिस्बनचा नकाशा फसवा आहे. कागदावर किल्ल्यापासून समोरच्या टेकडीवरच्या शियादू भागापर्यंतचे अंतर जेमतेम एक किलोमीटर दिसते. प्रत्यक्षात मध्ये एक टेकडी उतरायची, सपाट भाग ओलांडायचा आणि दुसरी टेकडी चढायची असते. पायाखाली गुळगुळीत पांढऱ्या चुनखडीच्या दगडांची फरसबंदी. पहिल्या दिवशी उत्साहात तीन चढण पायी चढली की दुसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात आणि नदीकाठच्या बेलेम भागातल्या मठात बाक शोधत बसायची वेळ येते. म्हणून इथल्या नियोजनाचे सूत्र एकच ठेवावे : चढताना लिफ्ट, सरकता जिना, बस किंवा ट्राम, आणि उतरताना पाय. पुढचा सगळा आराखडा त्यावरच बेतला आहे.

आधी वार ठरवा, मग विमान

तीन पूर्ण दिवस पुरतात : एक जुन्या शहराला, एक बेलेमला, एक सिंत्रा या जवळच्या महालांच्या गावाला. यात बेलेमचा दिवस सोमवारी येता कामा नये. जेरोनिमोस मठ आणि बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात. सिंत्राला शक्यतो शनिवार-रविवार टाळा. कार्मूचे भग्न चर्च रविवारी बंद असते. थोडक्यात, मंगळवार ते गुरुवार हा जोड सगळ्यांत सोयीचा.

ऋतू म्हणाल तर एप्रिल-मे आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचे दिवस. तेव्हा हीच फरसबंदी तेल सांडल्यासारखी निसरडी होते. शिवाय जुन्या घरांत हीटरची सोय बेताची असते, त्यामुळे पंधरा अंशांतही खोलीत हुडहुडी भरते. १२ जूनच्या रात्री संत अँथनीचा उत्सव असतो. अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत सार्डिन माशांचा धूर, संगीत आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. उत्सवासाठीच जाणार असाल तर उत्तम. स्थळे बघायला जाणार असाल तर तो आठवडा सोडा.

भारतातून लिस्बनला थेट विमान नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून जावे लागते. युरोपात बदल करत असाल तर शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, पासपोर्ट तपास त्या पहिल्याच शहरात होतो, म्हणून दोन विमानांत किमान अडीच-तीन तास ठेवा. आता बाहेरून येणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाल्याने या रांगा लांबल्या आहेत.

व्हिसा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत १५ दिवस आधीची असली तरी तिच्या भरवशावर राहू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्यावी. प्रौढांचे शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांचे ४५ युरो, सहा वर्षांखालच्यांना माफ. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत लागू असावा. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आतला आणि दोन पाने कोरी.

नेहमीची चूक इथे होते : अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम, त्याच देशाकडे. लिस्बन तीन रात्री आणि स्पेन पाच रात्री असतील तर अर्ज स्पेनकडे. रात्री समसमान असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. हॉटेलचे आरक्षण, विमानाचे वेळापत्रक आणि अर्जातल्या तारखा यांत एका दिवसाची तफावत असली तरी प्रश्न उभे राहतात. तिन्ही कागद समोर ठेवून तारखा जुळवून घ्या.

मुक्काम कुठे

फोटोत अल्फामा मोहक दिसते, पण तिथे गाडी दारापर्यंत येत नाही. चाकांची बॅग उंचसखल दगडांवरून आणि पायऱ्यांवरून ओढत न्यावी लागते. बऱ्याच जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, आणि ‘तिसरा मजला’ म्हणजे तळमजला सोडून तिसरा. आरक्षण करण्यापूर्वी लिफ्ट आहे का आणि टॅक्सी दारापासून किती अंतरावर थांबते, हे दोन प्रश्न लेखी विचारा. बाइरू आल्तूमध्ये पहाटेपर्यंत मद्यालयांचा गोंगाट असतो. मुले किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर तो भाग नकोच.

बाइशा, म्हणजे सपाट मधला भाग, सर्वांत सोयीचा. बजेट कमी असेल तर हिरव्या मेट्रो मार्गावरची आंजूश, आर्रोइयुश, आलामेदा ही स्थानके बघा. मध्यवस्ती दहा मिनिटांवर, भाडी कमी आणि विमानतळाहून येणे सोपे. खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त १३ वर्षांवरील प्रत्येकाला दर रात्री ४ युरो पर्यटन कर लागतो, जास्तीत जास्त सात रात्रींचा. तो अनेकदा हॉटेलवरच वेगळा मागतात. कुटुंबातले चौघेही १३ वर्षांवरील असतील तर तीन रात्रींचे ४८ युरो होतात, तेव्हा हिशेबात आधीच धरा.

विमानतळ ते शहर, आणि ते पन्नास सेंटचे कार्ड

विमानतळावरूनच मेट्रोचा लाल मार्ग सुरू होतो. आलामेदाला उतरून हिरव्या मार्गावर बदला की रोसियो किंवा बाइशा-शियादू. एकूण अर्धा तास. मेट्रो सकाळी साडेसहा ते रात्री एक.

स्थानकातल्या यंत्रातून ‘नावेगांत’ नावाचे कार्ड घ्यायचे. किंमत ५० सेंट, वैधता वर्षभर. माणशी एक कार्ड लागतेच. एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्यावर दोन तऱ्हांनी पैसे भरता येतात. एक ‘झॅपिंग’ : रक्कम भरा, प्रवासागणिक वजा होते, मेट्रो, बस, ट्राम, फेरीबोट आणि उपनगरी रेल्वे सगळीकडे चालते, आणि मेट्रोचा एक प्रवास पावणेदोन युरोंच्या आसपास पडतो. दुसरे २४ तासांचे तिकीट : साधारण ७ युरो, मेट्रो-बस-ट्राम अमर्याद. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा चढ-उतर होणार असेल तरच ते परवडते.

गोम अशी, की एका कार्डावर एका वेळी एकच प्रकार राहतो. झॅपिंगची रक्कम शिल्लक असताना यंत्र २४ तासांचे तिकीट देत नाही, आणि मागे रांग वाढत असताना पर्यटक बटणे दाबत राहतात. उपाय स्वस्त आहे : माणशी दोन कार्डे घ्या, एकावर झॅपिंग, दुसऱ्यावर दिवसाचे तिकीट, आणि पेनाने खूण करून ठेवा. फाटकाला लावताना दोन्ही एकत्र धरू नका, यंत्र गोंधळते. ट्राममध्ये चढल्यावर चालकाकडून रोख तिकीट काढले तर तीन युरोंच्या वर जाते. आणि पुढच्या दाराशी कार्ड टेकवायला विसरलात तर दंड शंभर युरोंहून जास्त आहे. तपासनीस पर्यटक म्हणून सवलत देत नाहीत.

‘लिस्बोआ कार्ड’ घ्यावे का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. त्यात वाहतूक, सिंत्राची रेल्वे आणि बरीच संग्रहालये येतात, पण सिंत्राच्या पेना महालावर फक्त सवलत मिळते. शिवाय बेलेमचा मनोरा आणि इतर काही वास्तू दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहत आल्या आहेत. तुमच्या तारखांना काय उघडे आहे ते अधिकृत संकेतस्थळांवर बघा, त्या तिकिटांची बेरीज करा आणि मगच ठरवा. दोन संग्रहालयांत जाणाऱ्याला हे कार्ड सहसा महागच पडते. रविवारी संग्रहालये मोफत असतात असे जुन्या लेखांत वाचाल; ही सवलत आता पोर्तुगालच्या रहिवाशांपुरती आहे.

पहिला दिवस : किल्ल्यावरून खाली

सकाळी नऊला साव जॉर्ज किल्ला उघडतो, तेव्हाच दाराशी पोहोचा. तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढून ठेवा. चढण टाळायची युक्ती स्थानिकांना ठाऊक आहे. बाइशातल्या रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावर १७० क्रमांकाच्या पुढे एका साध्या इमारतीच्या दारात लिफ्ट आहे; वर ‘एलेव्हादोर कास्तेलू’ अशी पाटी. ती मोफत आहे. वर निघालात की रुआ दा मादालेना. रस्ता ओलांडून समोरच्या चौकातून पुढे गेले की ‘पिंगो दोस’ सुपरमार्केटची इमारत लागते. तिच्यातही मोफत लिफ्ट आहे, ती आणखी वर सोडते. तिथून किल्ल्याचे दार सात-आठ मिनिटांवर. हेही नको असेल तर प्रासा दा फिगेइरा चौकातून ७३७ क्रमांकाची छोटी बस थेट किल्ल्याशी जाते.

पोर्तुगालच्या पहिल्या राजाने, अफोन्सो एन्रिकेशने, ११४७ साली हा किल्ला मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम राजवटीकडून जिंकला. तटावरून तेजू नदी, लाल कौले आणि पूल पाहून घ्या. दीड तास पुरतो. शिवकालीन दुर्गांची सवय असलेल्या डोळ्यांना हा किल्ला लहान वाटेल. इथे खरे मोल आहे ते तटावरून दिसणाऱ्या दृश्याचे आणि उत्खननात सापडलेल्या मूरकालीन घरांच्या अवशेषांचे.

आता फक्त उतरायचे. पोर्ताश दू सोल हा सज्जा, मग सांता लुझिया. इथे बहुतेक लोक बोगनवेलीखाली फोटो काढून निघून जातात आणि चर्चच्या बाहेरच्या भिंतीवरचे निळ्या फरशांचे दोन मोठे चित्रफलक बघायचे राहून जातात. एकात ११४७ चा किल्ल्यावरचा हल्ला आहे, दुसऱ्यात १७५५ च्या भूकंपापूर्वीचा राजवाड्याचा चौक. आपण दोन तासांनी ज्या बाइशात उतरणार, तिथला हा चौक आधी कसा होता हे इथे दिसते.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी चर्च माणसांनी भरलेली असताना भूकंप झाला, मागोमाग नदीतून त्सुनामी आली आणि चर्चमधल्या मेणबत्त्या आणि घरांतल्या चुलींमधून लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. अल्फामा खडकावर असल्याने बरीचशी वाचली, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून वेड्यावाकड्या आहेत. खालचे बाइशा गाळाच्या जमिनीवर होते, ते कोसळले. तिथे राजाचा मंत्री मार्क्विस पोंबाल याने सरळ रेषेत नवे शहर आखले आणि घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला, म्हणजे हादऱ्यात दगड निखळले तरी पिंजरा उभा राहावा. अल्फामाच्या पायऱ्या उतरून कॅथेड्रलवरून बाइशात आलात की हा फरक पायांनाच कळतो. रुआ दुश कोर्रेइरुशवर एका बँकेच्या तळघरात रोमन काळातील मासे खारवण्याचे हौद जपले आहेत. मार्गदर्शकासह फेरी मोफत असते, पण वेळ आधी नोंदवावी लागते आणि रविवारी बंद.

दुपारच्या जेवणानंतर बाइशा-शियादू मेट्रो स्थानकात शिरा. तिकिटाच्या फाटकाआधीच सरकत्या जिन्यांची माळ आहे. तिकीट न काढता ती तुम्हाला थेट वरच्या शियादू चौकात सोडते. तिथून पाच मिनिटांवर कार्मूचे छत नसलेले चर्च. भूकंपात पडलेले छप्पर पुन्हा घातले नाही. कमानी आकाशाखाली तशाच उभ्या आहेत. त्याच्या बाजूच्या वाटेने गेलात तर १९०२ सालच्या सांता जुश्ता लिफ्टच्या पुलाशी पोहोचता. खाली तासभर रांगेत उभे राहून त्या लिफ्टने वर यायची काही गरज नाही.

ट्राम २८ बद्दल स्पष्टच

जुन्या लाकडी डब्याची ही प्रसिद्ध ट्राम जिथून सुटते त्या मार्तिम मोनिझ चौकात सकाळी दहानंतर रांग तासाच्या वर असते, डबा चिमुकला, उभे राहून खिडकीबाहेरचे काही दिसत नाही, आणि खिसेकापूंचा हा आवडता मार्ग आहे. बसायचेच असेल तर सकाळी आठच्या आत, आणि उलट्या टोकाहून म्हणजे काम्पू दि ओरीककडून चढा. तशाच जुन्या लाकडी डब्याची मजा २४ क्रमांकाच्या ट्राममध्ये मिळते. ती कामोंइश चौकातून निघते आणि तिला गर्दी कमी असते.

टेकड्यांवरच्या फ्युनिक्युलरवर, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या डब्यांवर, मात्र बेत आखू नका. ३ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांपैकी ग्लोरिया या मार्गाचा डबा घसरून १६ जणांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर शहरातील बाकीचेही तपासणीसाठी थांबवले गेले. तुम्ही जाल तेव्हा कोणते सुरू आहेत ते बघून घ्या.

दुसरा दिवस : बेलेम

सगळे जण १५ क्रमांकाच्या ट्रामने जातात आणि चेंगरतात. काइश दू सोद्रे स्थानकातून उपनगरी रेल्वे सात-आठ मिनिटांत बेलेमला नेते, झॅपिंग कार्डावर. फक्त जलद गाड्या तिथे थांबत नाहीत; ओएइराशला जाणारी धीमी गाडी पकडा.

मठ साडेनऊला उघडतो, नऊला पोहोचा. इथे दोन वेगळ्या रांगा आहेत : एक मठाच्या दुमजली अंगणाची, सुमारे १८ युरोंच्या तिकिटाची, दुसरी चर्चची, जिथे प्रवेश मोफत. अनेक जण चुकीच्या रांगेत अर्धा तास घालवतात. रांगेच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला आधी विचारा.

मराठी वाचकासाठी या दिवसाला वेगळे वजन आहे. वसई, चौल, गोवा ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या तटबंद्यांमागचा पैसा कुठे जात होता याचे उत्तर इथे दगडात सापडते. हा मठ बांधला गेला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या सुमारे पाच टक्के करातून. मिरीच्या पैशातून म्हटले तरी चालेल. दारातून आत शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची समाधी, उजव्या हाताला गोव्यात राहून गेलेल्या कवी कामोंइशची. वास्को १५२४ साली कोचीत वारला. अवशेष नंतर पोर्तुगालला नेले. दोन्ही समाध्या पाहून लोक परततात, पण तसेच वेदीपर्यंत जा. तिथे राजा मानुएल आणि त्याच्या वारसाच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर आहेत. वर बघा : बारीक खांबांवर तोललेले हे छत १७५५ च्या भूकंपातही उभे राहिले.

मठासमोरच्या रस्त्याखालून भुयारी वाट नदीकाठच्या स्मारकाकडे जाते. १९६० चे हे स्मारक जहाजाच्या आकाराचे आहे. पूर्वेकडच्या रांगेत वास्को द गामा आहे, गोवा जिंकणारा आफोन्सो द आल्बुकर्क आहे आणि जुन्या गोव्यात ज्यांचे पार्थिव आहे ते संत फ्रान्सिस झेवियरही. स्मारक उभारले तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्याच ताब्यात होता. त्या राजवटीला स्वतःला कसे दाखवायचे होते ते इथे उघड दिसते.

काठाने पश्चिमेला पंधरा मिनिटे चालले की मनोरा. आत जाता आले नाही तरी फारसे बिघडत नाही, जिने अरुंद आहेत आणि खोल्या रिकाम्या. बाहेरून, वायव्येच्या बुरुजीच्या तळाशी, झिजलेले एक गेंड्याचे डोके शोधा. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकर्कला दिलेला गेंडा १५१५ साली गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोहोचला होता. त्याची ही आठवण. नजर किंवा मोबाइलचा झूम चांगला असेल तर सापडतो, पण दुरुस्तीच्या परांच्या उभ्या असतील तर झाकलेला असू शकतो.

परतताना १८३७ पासूनच्या ‘पास्तेइश द बेलेम’ दुकानात. फुटपाथवरची लांब रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत मोठमोठी दालने आहेत. सरळ आत जाऊन बसायच्या रांगेत उभे राहिलात तर बहुधा लवकर जागा मिळते. वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरून गरम खावे. यात अंड्याचा बलक भरपूर असतो, हे शाकाहारींनी ध्यानात घ्यावे.

तिसरा दिवस : सिंत्रा

रोसियो स्थानकातून चाळीस मिनिटे. फलाट वरच्या मजल्यावर आहेत. आठच्या आसपासची गाडी धरा. सिंत्रात दहा महाल आणि किल्ले आहेत असे समजून सगळे बघायला जाल तर दिवस बसथांब्यावर जाईल. दोनच निवडा : पेना महाल आणि किंता दा रेगालेइरा ही बागेतली हवेली.

पेनाच्या तिकिटावर छापलेली वेळ महालाच्या आतल्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. फाटकापासून महालापर्यंत वीस ते तीस मिनिटांची चढण आहे, किंवा तिथली छोटी बस, जिला स्वतःची रांग असते. तिकिटावर साडेदहा असेल तर फाटकावर पावणेदहाला असा. वेळ चुकली की आत सोडत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. इथली सर्वाधिक भांडणे याच कारणाने होतात. स्टेशनबाहेरून ४३४ क्रमांकाची बस वर जाते. स्वतःची गाडी भाड्याने घेऊन येऊ नका, मध्यवर्ती भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे.

खाली उतरल्यावर रेगालेइरा. तिथली २७ मीटर खोल सर्पिल विहीर आपल्या पायविहिरीची आठवण करून देते, पण पाण्यासाठी ती कधीच नव्हती. लिस्बनमध्ये ऊन असताना सिंत्रात धुके असू शकते, एक जाकीट बरोबर ठेवा.

खाणे

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येते. ते फुकट नसते. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या पदार्थांचे पैसे घेता येत नाहीत, असा तिथला कायदा आहे.

शाकाहारींसाठी ‘सोपा द लेगुमेश’ हे भाज्यांचे सूप जवळपास सगळीकडे मिळते. ‘काल्दू व्हेर्द’ हिरवे दिसले तरी त्यात सॉसेजची चकती असते. ‘सें कार्न, सें पेइश’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. पण हॅम आणि ट्यूना काहींच्या लेखी या दोन्हींत बसत नाहीत, म्हणून त्यांची नावे वेगळी घ्या. कॅफेत समोसा दिसेल, ‘शामुसा’ नावाने. त्यात बहुधा मांस असते, विचारल्याशिवाय घेऊ नका. मार्तिम मोनिझच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी दुकाने आहेत. डाळ-तांदूळ, मसाले सगळे मिळते. लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिरात हिंदू समाजाचे शाकाहारी भोजनालय आहे, वेळ आधी विचारून जा. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, बाटली भरून घ्या.

पैसे, पाकीट, परतीचे विमान

पैसे काढायला बँकेच्या ‘मल्टिबांको’ खुणेचे यंत्र वापरा. पर्यटन भागातील पिवळी-निळी स्वतंत्र यंत्रे दर वाईट देतात. यंत्राने रुपयांत हिशेब करू का असे विचारले तर नाही म्हणा, युरोच निवडा. पासपोर्ट हॉटेलात, रंगीत प्रत खिशात. काही चोरीला गेले तर रेस्तौरादोरेश चौकातल्या पर्यटक पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. विम्याच्या दाव्याला तो कागद लागतोच. आणीबाणीचा क्रमांक ११२.

परतीचे विमान कोणत्या टर्मिनलवरून आहे ते आदल्या रात्री बघा. मेट्रो फक्त टर्मिनल एकपर्यंत जाते. स्वस्त विमान कंपन्यांच्या टर्मिनल दोनसाठी तिथून मोफत बस घ्यावी लागते. शेंगेनबाहेर जाणाऱ्यांना सुरक्षा तपासणीनंतर पासपोर्टची दुसरी रांग असते, म्हणून साडेतीन तास आधी पोहोचा. पहाटेचे विमान असेल तर मेट्रो नसते. उबर किंवा बोल्टची गाडी रात्रीच नोंदवून ठेवा.